तिसरी घंटा

पंधरा गाणी गावाला पाठ आहेत.
जूनपासून तालमीच्या खिडक्या सताड उघड्या,
पंखा एकच, तोही पियानोकडे तोंड करून.
त्यामुळे भट्टीवरचा नुगझार
खाणकामगारांच्या समूहगीतावर कणीक मळतो,
न्हाव्याकडे दाढीला बसलेला माणूस
वरच्या पट्टीत गेला की वस्तरा थांबतो,
आणि शाळकरी पोरं भांडताना
नायकाच्या तोंडच्या शिव्या देतात.
(त्या आहेत नाटकात. पाद्रीबाबांनी मोजल्या. चार.)

सोळावं मात्र कुणालाच ठाऊक नाही.
ते बसवायचं म्हटलं की दिग्दर्शक तमाझ
खिडक्या लावतो, कड्या घालतो,
मलाही बाहेर काढतो.
मी बेसिक. एकोणतीस वर्षं इथे
लोकांचे कोट सांभाळतो आणि घंटा देतो.
काचेतून नुसती तोंडं हलताना दिसतात,
हौदातल्या माशांसारखी.

नुगझार पैजेवर सांगतो, शेवटी लग्न.
न्हावी म्हणतो, लग्नाला कड्या कशाला?
पाणीखात्यातल्या मझियाला वाटतं,
त्यात नावं घेतलीत,
रोपवे बंद पडल्यावर तारा कुणी कापून विकल्या त्यांची.
ती असं बोलल्यापासून दोन माणसं
तिकीटखिडकीशी येतात, भाव विचारतात,
आणि परत जातात.

हो, नाटक आमच्याच रोपवेवर आहे.
बाजारातून वर खाणीपर्यंत
लोखंडाची ती निळी पेटी.
बत्तीस वर्षं लमारानं चालवली.
तिची भूमिका करणारी केतो तिबिलिसीहून आली,
चार दुपारी लमाराच्या स्वयंपाकघरात बसली,
दांड्यावर हात कसा ठेवायचा ते शिकली.
दाबायचा नाही गं, ठेवायचा,
झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतो तसा.
ते तिला जमलं.
मग तिनं विचारलं,
वीज गेली त्या रात्री, दरीवर अधांतरी,
आत अकरा माणसं,
तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलंत?
लमारा उठून आलुबुखाराची चटणी ढवळायला गेली.
परत आल्यावर काय बोलली
ते केतो सांगत नाही. लमाराही नाही.
त्या अकरांतले तिघे अजून आहेत,
तिघांना तीन वेगळ्या गोष्टी आठवतात.
दुसऱ्या दिवसापासून खिडक्या बंद.

आणि आज ऑक्टोबरची अठरा.
रंगवलेला डोंगर दोन हात उंच निघाला,
दुपारी करवतीनं त्याचं शिखर उतरवलं.
नायकाचा घसा बसलाय, मध चाटतोय.
माझ्याकडे दोनशे सहा कोट, खुंट्या एकशे ऐंशी.

पहिली घंटा दिली.
पहिलीला कोण हलतं?
दुसरीला सिगारेटी विझल्या, खुर्च्या करकरल्या,
कुणीतरी कुणाच्या तरी जागेवर बसलंय म्हणून
थोडं भांडण, नाटकातल्याच एका शिवीसह.
विजेची घंटा गेल्या वर्षी जळाली,
म्हणून ही पितळेची, हातातली.
रोपवेचीच आहे.
पेटी सुटण्याआधी तीनदा वाजायची.

ती दोन माणसं शेवटी आली.
मागच्या रांगेत, दाराजवळ. कोट दिले नाहीत.
लमारा सातव्या रांगेत, पर्स मांडीवर,
उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर.
ठेवलेला. दाबलेला नाही.

पडद्याआड कुणी खोकलं.
व्हायोलिनवाल्यांनी सूर जुळवला,
मोडून पुन्हा जुळवला.
तमाझ विंगेतून हातवारे करतोय, दे, दे!
देतो रे.
पण एवढ्या सगळ्यांना मिळून
एकच गोष्ट ठाऊक नसणं,
हे या गावात पुन्हा केव्हा व्हायचं?
इथे तर कोणाकडे काय शिजलं
तेही जेवणाआधी कळतं.

घंटेचा लोळा
मी बोटांत धरून ठेवलाय.