कोरा चौकोन

यादीत दहा हजार नोंदी हव्यात.
इर्मेलीला मिळतात नऊ हजार नऊशे एक्याण्णव.
पुन्हा चालवते: अठ्ठ्याण्णव.
मग एकदा बरोब्बर दहा हजार,
त्याची तिला जास्त धास्ती.

टाम्पेरेत दुपारी तीनलाच अंधार.
दोन थ्रेड, एक यादी. दोघांनाही दिसली
सातवी जागा रिकामी. दोघांनीही आपापलं ठेवलं.
दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणावा,
तर भांडणच नाही. कुणी हूं की चूं केलं नाही.
बघायला तिने मध्ये छापायची एक ओळ घातली
तर बग एकदम साळसूद.

चष्मा काढून ती मला म्हणाली,
गेल्या हिवाळ्यात आईच्या कॅलेंडरवर
मंगळवारचा चौकोन कोरा होता.
मी पाहिला. वेक्कोनेही पाहिला.
मी गोळी दिली, पेन शोधायला गेले,
तेवढ्यात त्यानेही दिली.
आई बुधवारी दुपारपर्यंत झोपली.
कॅलेंडरवर फुली एकच.

मग ठरलं: लाल कप ज्याच्या हातात
गोळी त्यानेच द्यायची,
फुली मारायची, कप फळीवर ठेवायचा.
महिनाभर सुरळीत.
नंतर वेक्को ओउलूला परतला,
कप गाडीत, त्यात अर्धी कॉफी.
आणि मी स्वयंपाकघरात, गोळी तळहातावर,
नियमाला धरून उभी.

ती हसते. चष्मा चढवते.
यादीला कुलूप घालायला बसते
आणि कुलूप उघडायची ओळ
आधी लिहिते.