एकाच पत्त्यावर

जळगावला राणेंच्या ऑफिसात एसी होता,
म्हणून निम्मं भांडण बाहेरच राहिलं.
बाहेर पंचेचाळीस.
आम्ही सावद्याहून सहा जण एका गाडीत आलो होतो,
हेच आधी नवल.

भाऊजींचं कार्ड सोनेरी.
तेजल सिंगापूरला. तिनं आईबापाला तीनदा बोटीवर नेलं,
दर रात्रीला एक गुण,
गुण साठत साठत सोनं.
आमच्याकडे केळीच्या घडाचं वजन तेवढं साठतं,
तेही काट्यावर चढेपर्यंत.

राणेंचा मुलगा स्क्रीन वळवून सांगत होता:
चढताना वेगळी रांग, कपडे धुवायची एक पिशवी फुकट,
पाण्याच्या दोन बाटल्या,
आणि एका संध्याकाळी कप्तानाबरोबर सरबत.
'पण काका, हे सोनेरी माणसाच्या केबिनीला.
तुमच्या केबिनी तीन.'

आमच्या भावेशनं डोकं चालवलं:
कागदावर आई काकांच्या खोलीत, काकू पप्पांच्या,
चाव्या नंतर बदलू.
'सोयीसाठी खोटं लिहायचं नाही,' हे म्हणाले.
हेच, ज्यांनी वेगळ्या रेशनकार्डासाठी
ओट्यावर स्टोव्ह मांडून
साहेबाला आमची वेगळी चूल दाखवली होती.

मग त्या मुलानं खालची बारीक ओळ वाचली.
केबिन वेगळी असली तरी चालतं,
राहता पत्ता एक असेल तर
घरच्या माणसांना तोच मान.
'पत्ता एकच ना तुमचा?'

एक दार. दोन मीटर.
अंगणात बारा वर्षांपूर्वी घातलेली
साडेचार फुटांची भिंत,
जिच्यावरून त्यांचा कढीपत्ता
आमच्याकडे वाकतो आणि मी तोडत नाही.
कारण सांगण्यासारखं नाही.
बोअरची मोटर होती,
आणि एक वाक्य होतं, ते मी बोलले होते.

भाऊजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले,
मागचाच महिना होता त्यावर.
हे चपलेत पाय घालत होते, काढत होते.
'एकच आहे ना बापा,' कुमुदताई म्हणाल्या.
'लिही. घर नंबर दोनशे अकरा.'

सहा आधार कार्डं टेबलावर पडली.
साहींवर दोनशे अकरा.
सरकारला आमची भिंत माहीतच नव्हती.

बोटीचं काय सांगू. पाणी म्हणजे पाणी.
वांगं होतं, पण भाजलेलं नव्हतं.
रांग मात्र खरंच वेगळी होती आणि आम्ही साही तिच्यात,
भाऊजी दर वेळी मागे वळून मोजायचे.
पिशवीचा नियम आतून निराळा निघाला:
पत्त्याला एकच.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं.
'तुझे दे,' कुमुदताई.
काय दे?
'कपडे. जागा आहे पिशवीत.'
माझा गाऊन, यांची बनियनं,
भाऊजींचे पायजमे,
बारा वर्षांनी एका पाण्यात.
मला उगाच लाज वाटली.
परत आले ते घडी घालून, कागदी पट्ट्यांत,
सगळे पांढरे एकसारखे पांढरे.
कोणाचं कोणतं, आम्ही दोघी पलंगावर बसून
बाह्या उलटून बघत राहिलो.
कप्तानाचं सरबत तोवर होऊन गेलं.

आज पाकीट आलं. पोस्टमननं विचारलं,
कोणत्या बाजूला टाकू?
आत माझ्या नावाचं कार्ड, साधं, निळं.
खाली लिहिलंय, मान घरचा मिळेल,
रात्री मात्र ज्याच्या त्याच्या मोजल्या जातील.
तुमच्या रात्री: चार.
'बघ,' हे म्हणाले, 'शेवटी वेगळंच.'

मी भिंतीपाशी गेले.
ताई, तुमच्या किती झाल्या?
'काय किती?'
रात्री.
पलीकडे तांब्या ठेवल्याचा आवाज.
'एकोणीस. तुझ्या?'
चार.
'होतील,' त्या म्हणाल्या.