आलेच

पहिल्या दिवशी स्टॉपवर गेले ती
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट
आणि चौदा प्रश्नांची यादी घेऊन.
शेफील्डचा हा चढ असा
की नुसतं उभं राहिलं तरी पोटऱ्या भरून येतात.

बाकावर डोरीन हॅटर्सली, वय एकाहत्तर.
डोळ्यांच्या मधोमध करडा डाग,
कडेकडेनं उरलेलं थोडं जग.
शेजारी येमेनचा मुक्बिल,
सदतीस वर्षं पोलादाच्या भट्टीपाशी.
भट्टी बंद झाली,
कानातली शिट्टी नाही झाली.

प्रश्न पहिला : आमच्या अ‍ॅपला पाचपैकी किती तारे द्याल?
"तारे दिसायचे कधीच थांबले गं," डोरीन म्हणाली.
मी यादी बॅगेत घातली.

फळ्यावर आलं : तीन मिनिटं.
मुक्बिलनं तिच्या मनगटावर तीन टिचक्या मारल्या.
मग दोन.
मग एक.
मग फळा म्हणाला, 'ड्यू'.
मग ती ओळच गेली.

बस आली नव्हती.
येऊन गेली, असं फळ्याचं मत होतं.
मुक्बिलनं तिच्या मनगटावर अख्खा तळवा ठेवला.
त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

तो 'ड्यू' माझ्या हातचा.
त्याचा पिवळा रंग मी निवडलेला,
लुकलुकण्याचा वेग मी ठरवलेला,
त्यावर तीन बैठका झालेल्या.

मराठीत त्याला काय म्हणाल?
आमच्याकडे म्हणतात, 'आलेच'.
माझी बहीण दारातल्या मैत्रिणीला ओरडून सांगायची, आलेच!
आणि वेणीचा पहिला पेड घालायला घ्यायची.
न घडलेलं भूतकाळात सांगायचं,
म्हणजे समोरचा वर्तमानात गुमान उभा राहतो.
ही सवय मी एका खांबाला लावली होती,
पगार घेऊन.

"थांबायला माझी ना नाही," डोरीन म्हणाली,
"डायलिसिसला चार चार तास थांबते.
पण तिथल्या नर्सला माहीत नसलं
की ती म्हणते, माहीत नाही.
मग मी विणायला काढते.
तुझा फळा मला विणायलाही काढू देत नाही."

हे टॅबलेटवर नाही लिहिलं.
बॉलपेननं तळहातावर लिहिलं.

ऑफिसात नऊ माणसं, बिस्किटांची एक बशी.
मी म्हटलं, बसचा पत्ता नसेल तर तसंच लिहू :
'माहीत नाही.
शेवटची दिसली अकरा मिनिटांपूर्वी, चर्चच्या वळणावर.'
ग्वेनेथ म्हणाली, अडाणी फळ्यावर विश्वास कोण ठेवील?
मग 'माहीत नाही'चं
'माहिती अद्ययावत होत आहे' झालं,
मग 'तात्पुरती अनुपलब्ध',
मग मी रडले, स्वच्छतागृहात, थोडंसंच,
मग पुन्हा 'माहीत नाही' झालं.
एक खांब मिळाला. सहा आठवड्यांपुरता.

तळव्याएवढं बटण, दाबलं की बोलतं.
बस चढाला लागली की खांब हलकेच थरथरतो,
म्हणजे मुक्बिलला पाठ टेकून
डोळे मिटता येतात.
(हे त्यानंच सुचवलं. चौदा प्रश्नांत नव्हतं.)

डोरीननं बटण दाबलं.
"माहीत नाही," खांब म्हणाला.
ती इतकी हसली की लोकरीचा गुंडा
उतारावरून निघाला,
आणि मुक्बिल त्याच्यामागे,
गुडघे सांभाळत.

तो परतला, पुन्हा शेजारी बसला,
आणि गरज नसताना
तिच्या मनगटावर टिचक्या मारू लागला.
किती, ते मी मोजलं नाही.
ते माझ्या कामात येत नव्हतं.

निघताना सवयीनं म्हटलं, येते.
चार पावलं उतरले,
थांबले, परत गेले
आणि सांगितलं :
गुरुवारी. चार वाजून दहा मिनिटांनी.
पाऊस असला तर माहीत नाही.