थेंबाची जबानी

कॅप्टन धबधब्याचा मी मदतनीस. नाव थेंब.
आठ वर्षं काढली निळ्या चड्डीत, बफलोच्या थंडीत.
हल्ली पार्किंग खात्यात असतो, खिडकी क्रमांक चार.

लोकांना वाटायचं, माणूस उडतो म्हणजे
त्याच्या छातीत काहीतरी उदात्त असणार.
खरं एवढंच, की लेनर्ड खोटं बोलला
की त्याचे पाय जमीन सोडायचे.
बारीक थाप, वीतभर.
"निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" म्हणजे पहिला मजला.
एकदा महापौरांच्या शेजारी उभा राहून म्हणाला,
"बंद पडलेले कारखाने लवकरच सुरू होतील,"
तेव्हा त्याला उतरवायला बंबाची शिडी आणावी लागली.
आईचा फोन आला की टेबलाचा पाय धरून बसायचा.
घटस्फोटाच्या तारखेला
खिशांत वाळू भरून कोर्टात गेला.

त्या हिवाळ्यात रस्त्यावरचे मीटर बिघडले.
तासाचे पैसे टाकले की एकोणसाठ मिनिटं,
मग पन्नास, मग चाळीस.
गाव दंड भरून भरून पिसाळलं.
पेपरांनी नाव दिलं मिनिटचोर,
आणि चित्र काढलं: जांभळी झूल, वाकडं नाक.

निघाली बर्नडेट कुचमार्स्की, वय सदुसष्ट.
पोलादाच्या कारखान्यात हजेरीची घड्याळं
तीस वर्षं दुरुस्त केलेली.
तिथे एक मिनिट उशीर झाला
की पाव तासाचा पगार कापत.
"ती कापलेली मिनिटं जायची कुठे?"
तिने साहेबाला विचारलं होतं.
साहेब हसला होता.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर.
दिव्याच्या खांबाखाली लेनर्ड म्हणाला,
"मला भीती वाटत नाही,"
आणि थेट खिडकीशी पोचला.
मी जिन्याने गेलो. थेंबाला उडता येत नाही.

आत काकडीच्या लोणच्याच्या बरण्या
आणि बरण्यांत मिनिटं,
पातळ चहाच्या रंगाची, आतल्या आत हलणारी.
खाटेवर तिचा नवरा ऑगी, नाकात नळी,
फुप्फुसं कारखान्यातच राहिलेली.
ती त्याला चमच्याने भरवत होती.
खलनायक करतात तसलं भाषण तिने केलं नाही.
म्हणाली, "बूट काढा. आत्ताच फरशी पुसलीय."

काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.
ती त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली,
"एवढ्या लोकांना वाचवता तुम्ही.
सांगा ना, हे एप्रिल बघतील?"

"बघतील की," कॅप्टन म्हणाला.

आधी तो अंगठा उचलला, मग टाच.
त्याने फ्रिजची मूठ धरली.
फ्रिज उघडला, आतला उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला,
तरी तो वर जातच राहिला,
डोकं छताला टेकेपर्यंत. थोडा चुना पडला.
बाई वर बघत होती. तिला कळलं.

आणि ऑगी हसायला लागला.
नळीसकट, खोकत, खाट हलवत, कितीतरी वेळ.
कुणाची तरी अकरा मिनिटं त्यात संपली असतील.
मी मोजली नाहीत. खातं तेव्हा माझं नव्हतं.

खाली कॅमेरे उभे होते.
"ती निसटली," लेनर्ड त्यांना म्हणाला
आणि टाळ्यांच्या गजरात वर, दिव्यांच्या वर,
बर्फ पडत होता त्याच्याही वर गेला.

ऑगी मार्चमध्ये गेला.
दुसऱ्या दिवसापासून मीटर बरोबर साठ.
कॅप्टनला शाळेतल्या मुलांची आभाराची पत्रं आली.
बाईला मी दंडाची एक जुनी पावती फाडून दिली,
दुसरं काय देणार?

आता आम्ही दोघं गुरुवारी सूप प्यायला भेटतो.
तो जाड झालाय. खरं बोलतो, बहुतेक.
दर वेळी ओठांवर येतं,
लेनर्ड, मी बरा मदतनीस होतो का रे?

विचारत नाही.
टेबलाखाली वाकून बघावं लागेल.