पाऊण किलो

लाइट बिलावर ठेवलेला हा दगड
पाऊण किलो भरतो.
भाजीवाल्याच्या काट्यावर घालून पाहिलाय एकदा.
माझी छत्तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात मोजण्यात गेली,
मोजल्याशिवाय मला काही कळत नाही.

काळा आहे. देवळाचा जो दगड, त्याच जातीचा.
दगडालाही जात असते, खाणवाले सांगतात.

चैत्र होता. रथाचा दिवस.
पंचवटीच्या उतारावर केरूकाका उभा,
धुतलेली टोपी, सदरा शेजाऱ्याचा,
दोन्ही हात छातीशी.
हात उचलायचा नाही, एवढंच ठरलेलं.
वस्तीतल्या काठ्या आदल्या रात्रीच
एका खोलीत कोंडून कुलूप घातलेलं.

आणि हा आला. कुठल्या माडीवरून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

केरूकाका खाली बसला. पडला नाही, बसला.
तो शब्द तो शेवटपर्यंत दुरुस्त करायचा:
"पडलो न्हाई, बसलो."
रक्त भुवईवरून टोपीत नाही, डोळ्यात गेलं.
धाकटा पुंजा मागेच होता.
देवळालीच्या छावणीत तोफा पुसणारा पुंजा,
नेम म्हणजे काय ते बघून बघून शिकलेला.
त्यानं दगड उचलला.
केरूकाकानं एका डोळ्यानं पाहिलं
आणि त्याचं मनगट धरलं.

इथवरची गोष्ट आमच्याकडे सगळ्या लग्नांत सांगतात.
पुढची सांगत नाहीत.

तिसऱ्या रात्री
पुंजा एकटाच नदी उतरून गेला, दगड धोतराच्या सोग्यात.
त्यातल्या एका माडीखाली उभा राहिला,
दिवा विझायची वाट बघितली
आणि खिडकीत भिरकावला.
आतून जे रडणं आलं
ते लहान पोराचं होतं.

त्याला पळता आलं असतं.
दगड ओट्याला लागून परत खाली आला होता;
तो अंधारात चाचपडत शोधत राहिला,
कुत्री भुंकत होती, तरी शोधत राहिला.
घरी आणून चुलीमागं ठेवला.
दाराआडून आत्यानं पाहिलं, म्हणून हे मला ठाऊक.

त्यानंतर चाळीस वर्षं दोघे भाऊ भांडले.
पुंजा म्हणायचा, "तुह्या कपाळावरची खूण
त्येंच्या पोरांनी कधी पाह्यली?
त्यांचं दार तुह्या रक्तानं उघडलं का कायद्याच्या भेवानं?"
केरूकाका म्हणायचा, "तू मारला आस्ता त्या दिवशी,
तर दुनियेनं तुहा एकच मोजला आस्ता.
त्यांचे शंभर न्हाई."
पुंजा गप्प व्हायचा.
लोकांना वाटायचं, हरला.
मला आता वाटतं, त्याला ते पोर ऐकू येत असावं.

आणि केरूकाका? मरायच्या आदल्या हिवाळ्यात
गोधडीत पाय घेऊन मला म्हणाला,
"मी त्याचं मनगट धरलं,
ते दयेनं न्हाई रे. पोलीस मोजले होते म्या.
माझी दुसरी मूठ तुला कुणी सांगितली न्हाई.
नखं रुतली होती तळव्यात."
मग चहा मागितला. साखर जास्त.

दार उघडलं तेव्हा
दोघांपैकी कुणीच आत गेलं नाही.
केरूकाका म्हणाला, जायचं होतं तेव्हा जायचं होतं.
पुंजानं कारणच दिलं नाही.

रामकुंडाजवळ तो दोन तोंडांचा मारुती उभा आहे,
पूर आला की लोक त्याच्या अंगावर पाणी मोजतात.
दोन भाऊ, दोन तोंडं, असं लिहून टाकणार होतो.
खोडलं. फार सोपं होतं ते.
त्याची दोन्ही तोंडं एकाच पुरात भिजतात,
आणि पुरात उभं राहायचं कसं
हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

परवा लेकीनं विचारलं, "बाबा, बरोबर कोण होतं?"
तिच्या हॉस्टेलात कुणीतरी तिचं आडनाव
दोनदा विचारलं होतं.
दुसऱ्यांदा हसून.

मी दगड उचलून तिच्या हातात दिला.
म्हटलं, आधी वजन बघ.
तिनं तो धरला. कितीतरी वेळ धरला.
पंख्याखाली बिल उडून कॉटखाली गेलं,
आणि आम्ही दोघांनीही
ते काढायला हात खाली केला नाही.