तिसरी पाळी, टाकी नंबर चार

कुपवाडच्या एमआयडीसीत मक्याच्या स्टार्चला
ओल्या पाटीसारखा वास येतो, जरा आंबूस.
पावणेतीनला नदाफमामा
काचेच्या नळीत बोमे बघतात, "बावीस" म्हणतात
आणि तंबाखू मळायला घेतात.
बावीसला काळजी नसते.
दूधच असतं ते, पातं त्यात झोपेत चालल्यासारखं फिरतं.

तेवीसच्या पुढे कुठेतरी
अँपिअरचा काटा उगाच उडी मारतो.
खाली बसतो. परत उडी.
तासभर मी त्या उड्या वहीत टिपल्या,
दोन सारख्या निघाल्या नाहीत.
टाकीच्या एका अंगाला ताक, दुसऱ्या अंगाला फरशी,
आणि मधली रेघ
कुणाला विचारून सरकते देव जाणे.

डिप्लोमाला सांगितलं होतं:
कणाकणांत पाण्याचा पापुद्रा असतो,
हळू ढवळलं तर ते एकमेकांना वाट देतात.
जोर वाढला की पापुद्रा फाटतो,
अंगाला अंग घासतं,
खरखरीत हातात खरखरीत हात अडकून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साखळी उभी राहते.
हाक कुणीच दिलेली नसते.
परीक्षेत एवढं लिहून मला सात मार्क मिळाले होते.

त्या रात्री माझ्या हातून फावडं आत पडलं.
दांडा धरून हिसका दिला,
तर फावड्याबरोबर अख्खी टाकीच उचलतोय असं वाटलं.
खांद्यात कळ.
"ओढू नगं. हिसका दिलास की धरतंय ते."
मामांनी दोन बोटं दांड्याला लावली
आणि बुधगावच्या बहिणीचं सांगायला लागले,
सामाईक विहिरीवरून सात वर्षं न बोललेलीचं:
यांनी वकील केला, तिनं दार लावलं,
यांनी जमातीची माणसं नेली,
तिनं दाराला आतून पाटा टेकवला,
मग एकदा हे नुसतेच गेले, ओट्यावर बसले,
आणि
फावडं बाहेर आलं.
मामांनी ते नळाखाली धरलं.
ओट्यावरचं राहूनच गेलं, मीही विचारलं नाही.

सहाला हात धुताना
बोटांत उरलेला लगदा उगाच वळत राहिलो.
वळत होतो तोवर गोळा, कोरडा, टणक,
चेंडूसारखा फेकावा असा.
फोन वाजला. बाबांचं नाव.
हात थांबला तसा
गोळा मुठीतून सुटून कोपरापर्यंत ओघळला,
पांढरा, गार.
फोन वाजतच होता.