हंडरगुळी केनेलकडून, नवीन आलेल्याला

तू रेणापूरचा निघालास म्हणून मराठीत सांगते,
नाहीतर इथं सगळं इंग्रजीतच भुंकतात.

पहिलं पिल्लू खेळ फुकट देतो.
फुकटाच्या नादात नाव ठेवायची घाई करू नको.
मी केली. डॉलर ठेवलं.
आता त्याच्या नावापुढं अकरा वेळा शेवटून दुसरा नंबर
आणि नाव बदलायला सहाशे नाणी.

नाणी पहिल्या रात्री उडवू नको.
दुकानात लाल पट्टा दिसेल, चांदीचा कंगवा दिसेल.
परीक्षकाला पट्टा दिसत नाही.
त्याला खांदा दिसतो, पाठीची रेघ, चाल,
आणि चाल रोज दहा मिनिटं फिरवल्याशिवाय येत नाही,
खोट्या कुत्र्यालाही.

आमचे बाबा हाळीच्या बाजारातले हेडी.
बैलाच्या तोंडात हात घालून वय सांगायचे.
झेरॉक्सच्या दुकानात माझ्या खांद्यावरून
एकदा डोकावले, म्हणाले,
"का करलालीस गं? दात कुठं बघायचे ह्याचे?"
दात नाहीत बाबा, वंशावळ आहे.
"मग आई बघ. आईच्या मागं आजी बघ.
बापाचा फोटो तर कुणीबी लावतंय."
एवढं एकच वाक्य पाठ कर, बाकी विसरलास तरी चालेल.
मी ते ऐकलं तेव्हापासून
माझ्या कारवानीच्या पिल्लांना
फिनलंडची एक बाई मागणी घालते.
कारवानी म्हणजे काय, तिनं विचारलं.
लिहिलं, सशामागं पळणारं, हाडकुळं, मानी.
तिनं लिहिलं, माझ्या भावासारखं.

बहीण-भावाची जोडी लावू नको.
आकडा चढतो, मोह होतो, मीही लावलेली;
तिसऱ्या पिढीत पिल्लू जन्मतं
आणि त्याच्या डोळ्यांच्या रकान्यात शून्य असतं.

लिलावात जपून.
बाबांच्या बाजारात भाव रुमालाखाली ठरतो,
बोटं बोटांशी बोलतात, तिसऱ्याला पत्ता नाही.
इथं रुमाल नाही.
तुझी बोली रशियापासून ब्राझीलपर्यंत दिसते.
शेवटचं मिनिट येईस्तोवर हात खिशात ठेव.

खेळाचा दिवस आपल्याकडं
पहाटे साडेपाचला उजाडतो.
त्याच वेळी आमच्या गल्लीत नळ येतो, आठवड्यातून एकदा.
त्या दिवशी माझी बावीस कुत्री
सात वाजेपर्यंत उपाशी असतात.
तुझ्याकडं रोज पाणी येत असेल तर
तू माझ्या पुढं जाशील, त्यात तुझं कौतुक नाही.

आता अवघड गोष्ट.
कुत्रं म्हातारं झालं की दोन बटणं येतात,
विकून टाका आणि सोडून द्या.
म्हाताऱ्याला गिऱ्हाईक नसतं,
आणि जागेला दिवसाला चार नाणी भाडं.
जुने खेळाडू सांगतील, सोड, जागा मोकळी कर.
बरोबर सांगतात. हिशेबाला ते बरोबर आहे.
डॉलरच्या वेळी माझं बोट बटणावर होतं.
बाबा शेजारी चहा पीत होते.
म्हणाले, "सोडून म्हंजे कुठं सोडतेत?"
मी म्हटलं, कुठं नाही, नुसतं दिसत नाही मग.
ते काही बोलले नाहीत.
चाळीस वर्षं बैल विकलेला माणूस,
बशीत उरलेला चहा फिरवत बसला.

तू सोड. नवीन माणसाला परवडत नाही.

शनिवारी शो आहे. लहान गटात नाव टाक.
हरशील. हरल्यावर खिडकी लगेच बंद करू नको,
खाली परीक्षकाचे दोन शब्द असतात, ते वाच.
"शेपूट खाली" आलं तर ते भीतीचं आहे,
आजाराचं नाही; औषध विकत घेऊ नको.

आणि कधी माझ्या केनेलकडं येऊन जा.
शेवटच्या खोलीत डॉलर आहे, त्याला थोपट.
थोपटलं की पाहुण्यालाही एक नाणं मिळतं.